आई गेल्यानंतरचा पहिला आगमनकाळ

पुण्यात राहणाऱ्या, माहेरच्या वसईकर असलेल्या एका ताईंनी विचारलंय: "नोव्हेंबर संपत आला की माझी यादी सुरू होते. केक, करंज्या, कपडे, ऑफिसची पार्टी, सोसायटीतलं कॅरोल सिंगिंग. चर्चमध्ये जांभळी वस्त्रं दिसतात, चार मेणबत्त्यांचं चक्र दिसतं, पण आत काही हलत नाही. २५ तारखेला मी फक्त दमलेली असते. लहानपणी या दिवसांत काहीतरी होतं. ते परत कसं मिळवायचं? मुलगी नववीत आहे, तिला काय सांगू तेही कळत नाही. आणि मार्चमध्ये माझी आई गेली. यंदा सजावटीला हातच उचलत नाही."

ताई, मी वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ३२ वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते आहे. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळात, मोठ्या माणसांची चिंतनंही घेते. "आत काही हलत नाही" हे मी दर डिसेंबरात ऐकते, आणि असं म्हणणारी माणसं श्रद्धेत कमी पडलेली नसतात. तुमच्या पत्रात आईबद्दलचं वाक्य सगळ्यात शेवटी, जाता जाता आलंय. माझ्या मते तुमचा यंदाचा आगमनकाळ त्या वाक्यापाशीच सुरू होतो. तिथवर येते. त्याआधी एक चूक निस्तरायला हवी, आणि ती करणाऱ्यांत मीही होते.

आम्ही मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं की आगमनकाळ म्हणजे बाळ येशूच्या वाढदिवसाची तयारी. ऐकायला गोड आहे, मुलांना चटकन कळतं. पण तेच मूल चाळिशीला पोचलं की त्याच्या हाती काय उरतं? बाळ तर दोन हजार वर्षांपूर्वीच जन्मलं. जन्मून गेलेल्या बाळाची वाट कशी बघायची? मग वाट बघणं लुटुपुटीचं होतं आणि खरी उरते ती फक्त तयारी: झाडलोट, बाजार, तळण. तुम्ही दमता त्या तयारीने.

पहिल्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला चर्चमध्ये त्या दिवशी वाचतात तो उतारा, काढून वाचा. त्यात बाळ नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. तिथे मोठा झालेला येशू शिष्यांना सांगतोय की जागे राहा, ती घटका केव्हा येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमान लिहिणाऱ्यांचं एकेक वर्ष. पण कुठलंही वर्ष असो, पहिल्या रविवारचा सूर हाच. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा कल ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे असतो. १७ तारखेपासून ती बेथलेहेमकडे वळते. 'आद्वेन्तुस' हा मूळ लॅटिन शब्दही पाळण्याजवळचा नाही. सम्राट नगरात यायचा त्या सोहळ्याला रोमन लोक तो शब्द वापरत. माणसं वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरी जात. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द उचलला तो आपल्या राजासाठी, जो एकदा येऊन गेलाय आणि ज्याचं येणं अजून पुरं व्हायचंय.

म्हणजे हा काळ सुरू होतो तो जगात आणि आपल्या घरात अजून काय काय नीट झालेलं नाही, हे उघड्या डोळ्यांनी बघून. ज्याच्या घरात काही अडलंय, तुटलंय, ज्याला खरोखरच कशाची तरी आस आहे, त्याला या काळात शिरायला वेगळं दार शोधावं लागत नाही. तुम्हाला वाटतंय की दुःखामुळे यंदा तुम्ही आगमनकाळाच्या बाहेर पडलात. मला तसं वाटत नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही त्याच्या आत उभ्या आहात.

पूर्वी या दिवसांना उपवासाची धार होती. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या टूर्सचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला होता. केरळातल्या सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती घरांत आजही १ डिसेंबरपासून २५ दिवसांचं व्रत असतं, मांस-मासे वर्ज्य. आपल्या रोमन परंपरेत सक्ती उरली नाही. जांभळा रंग उरला, आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गौरवगीत गायचं थांबवतात तेवढं उरलं. ते का थांबवतात हे मुलीला जरूर सांगा: बेथलेहेमच्या रात्री ते देवदूतांच्या तोंडी येतं, म्हणून त्या रात्रीपर्यंत आपण गप्प राहायचं. आपल्या घरांत आता याच्या उलट झालंय. १० डिसेंबरपासूनच करंजी तळता तळता खाल्ली जाते, आणि २५ला ताट समोर आलं की भूक मेलेली असते.

म्हणून मी तुमच्याकडे एकच गोष्ट आग्रहाने मागेन. गॅलरीतली चांदणी यंदा २४च्या रात्रीपर्यंत पेटवू नका. खोक्यातून काढा, पुसा, खिळ्याला अडकवा, पण बटण दाबू नका. मुलगी विचारेल, शेजारी विचारतील. सांगा, "अजून यायचाय." ऑफिसची पार्टी टाळा असं मी म्हणणार नाही. तिथे जा, केक खा, माणसांना भेटा. घरात मात्र सण २४च्या रात्रीच सुरू होऊ द्या. आणि नाताळचा काळ २५ला संपत नाही, तो जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. पाहुण्यांना २७ला, २८ला बोलवा. करंज्या त्या आठवड्यात तळा. आमच्या घरी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाई नाराज होत्या. चार दिवस बोलल्या नाहीत. मग २६ला पहिली करंजी खाताना म्हणाल्या, "औंदा चव लागली बघ."

चार मेणबत्त्यांच्या चक्राबद्दल तुम्ही लिहिलंत, तर त्याची गोष्ट ऐका, म्हणजे ते निव्वळ शोभेचं वाटणार नाही. हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट पाळक अनाथ आणि गरीब मुलांसाठी घर चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी छोट्या लाल. रोज एक जास्त पेटायची. ज्या मुलांजवळ वाट बघण्यापलीकडे फारसं काही नव्हतं, त्यांच्या हाती विखर्ननी ती वाट मोजायचं साधन दिलं. तुमच्या घरी चक्र विकत आणायची गरज नाही. दिवाळीत उरलेल्या चार पणत्या एका ताटात ठेवा. रविवारी संध्याकाळी घरातले सगळे दिवे मालवा, अगदी टीव्हीचा तो लाल ठिपकासुद्धा. एक पणती लावा. पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. पहिल्या रविवारी मुलगी हसेल, चुळबुळ करेल. करू द्या. दुसऱ्या रविवारी ती अंधाराकडे बघायला लागते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता लहानपणीचं ते 'काहीतरी'. मी वयाने तुमच्याहून मोठी असेन, पण वाडी तीच. भात कापून झालेलं असायचं आणि त्याच ओल्या जमिनीत वाल टाकलेले असायचे. आता पाऊस नाही हे सगळ्यांना ठाऊक. तरी वाल वर यायचे, जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर. पहाटेच्या मिस्सेला आई आम्हाला केळीच्या वाडीतून न्यायची, पाच जणांत एक बॅटरी. पानांवरून दव टपटप पडायचं, डोक्याला बांधलेला रुमाल भिजायचा, बावखलाच्या पाण्यावर धुकं असायचं. पुढे चालणाऱ्या आईच्या टाचा तेवढ्या उजेडात दिसायच्या. चर्च दिसायच्या आधी घंटा ऐकू यायची. घंटा ऐकू आली की पोचल्यासारखं वाटायचं, पण चालणं अजून बरंच उरलेलं असायचं. मला आगमनकाळ म्हटलं की तो रस्ता आठवतो.

पुढे कळलं की हे दव आपल्या वाडीपुरतं नाही. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४५व्या अध्यायात, आकाशाला विनवणी आहे की वरून न्याय पाझरू दे. लॅटिन भाषांतरात तिथे दवाचं क्रियापद आलं, 'रोराते', आणि त्यावरून पोलंडमध्ये आगमनकाळातल्या पहाटेच्या मिस्सांना 'रोराती' म्हणतात. उजाडण्याआधी, दिवे न लावलेल्या चर्चमध्ये मुलं हातात कंदील घेऊन येतात. मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारी याकोबाच्या पत्रातला उतारा वाचतात: शेतकरी भूमीच्या मोलाच्या पिकाची वाट बघत धीर धरतो, तसा तुम्ही धरा. हा उतारा मी शहरातल्या मुलांना समजावताना अडखळते. वालाचं शेत पाहिलेल्या माणसाला तो समजवावा लागत नाही. पुण्यात वाल कुठून आणायचे? कुंडीत टाका. खरंच सांगते. पहिल्या रविवारी मुलीच्या हातून चार दाणे मातीत घालायला लावा. नाताळपर्यंत शेंगा येणार नाहीत, वेल तेवढा चढेल. तेच तर तिला दाखवायचंय.

आता तुमच्या आईकडे येते, पण जरा वळसा घेऊन.

दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान, येशूच्या आधी येऊन त्याची वर्दी देणारा संदेष्टा, रानात ओरडत असतो की प्रभूचा मार्ग तयार करा. केवढा ठामपणा! मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारी तोच योहान हेरोदाच्या तुरुंगात आहे. तिथून तो शिष्यांना पाठवून येशूला विचारतो: जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघावी? ज्याने बोट दाखवून 'हा बघा' म्हटलं, त्यालाच आता खात्री उरलेली नाही. आणि येशू तुरुंग फोडायला येत नाही. निरोप पाठवतो की आंधळे बघताहेत, लंगडे चालताहेत, गरिबांना सुवार्ता सांगितली जातेय. योहान तुरुंगातच मारला जातो. हे वाचन तिसऱ्या रविवारी ठेवलंय, ज्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं घालतात आणि 'आनंद करा' हे पहिले शब्द असतात. कितीतरी वर्षं मला हे विसंगत वाटायचं. नंतर आमच्या चिंतनाला येणाऱ्या एका बाईंनी मला ते उलगडून दाखवलं.

त्यांचे यजमान नोव्हेंबरच्या मध्यावर गेले. पहिल्या रविवारी त्या आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी यंदा नाताळचा गोठा केला नाही तर पाप लागेल का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी घरी एक मेणबत्ती लावली. दुसऱ्या रविवारी दोन लावायच्या तर त्यांनी पुन्हा एकच लावली. तिसऱ्यालाही एकच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी अजून पहिल्याच रविवारी आहे." चौथ्या रविवारीही एकच लागली. २४ला रात्री त्या मिस्सेला आल्या, मागच्या बाकावर बसल्या, गौरवगीत सुरू झालं तेव्हा उभ्या राहिल्या पण गायल्या नाहीत. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाल्या, "बाकीचे गात होते ते बरं झालं." योहानाला तुरुंगात तेच मिळालं होतं. दार उघडलं नाही, पण बाहेर काहीतरी चाललंय याचा निरोप आला. ज्याला गाता येत नाही त्याच्या वाटचं इतरांनी गायचं, म्हणून गुलाबी रविवार आहे. यंदा तुमच्या वाटचं आम्ही गाऊ.

१७ डिसेंबरला मत्तयाची वंशावळ वाचतात. अब्राहामापासून दावीदापर्यंत १४ पिढ्या, तिथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत १४, तिथून ख्रिस्तापर्यंत १४. चर्चमध्ये लोक कंटाळतात, फादर नावांना अडखळतात. पण या यादीत मत्तयाने मरियेच्या आधी चार बायका घातल्यात: तामार, राहाब, रूथ आणि जिचं नावही न घेता 'उरियाची बायको' म्हटलंय ती. एकीने सासऱ्याकडून आपला हक्क वेश पालटून घेतला, दुसरी यरीहोची वेश्या, तिसरी परदेशी विधवा, चौथीचा नवरा राजाने लढाईत मारवला. देव याच घरात जन्माला आला. कुलीन पाटी रंगवायची असती तर मत्तयाला ही नावं गाळता आली असती.

एका वर्षी मी वर्गातल्या मुलांना आपापली वंशावळ लिहून आणायला सांगितली. बाबा, आजोबा, पणजोबा, काहींनी खापरपणजोबांपर्यंत नावं आणली. पणजीचं नाव २३ मुलांपैकी चौघांना मिळालं. एका मुलीने पणजीच्या जागी लिहिलं होतं: "नाव कोणाला आठवत नाही. ती वाल सोलताना गाणी म्हणायची." तो कागद मी माझ्या बायबलमध्ये ठेवलाय.

१७ तारखेच्या संध्याकाळी मुलीला घेऊन बसा. तुमच्या आईचं नाव लिहा, तिच्या आईचं, तिच्याही आईचं मिळालं तर तेही. वसईला मावशीला फोन करा. नाव नाही मिळालं तर जे आठवतं ते लिहा: कुठल्या पाड्यातली, काय रांधायची, कशावरून रागवायची. आईचा दोष आठवला तर तोही लिहा. मत्तयाने लपवले नाहीत. मग तो कागद गोठ्याच्या जागी ठेवा. यंदा एवढीच सजावट केलीत तरी ती पुरे.

त्याच १७ तारखेपासून २३पर्यंत सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तुतिगीताआधी रोज एक हाक असते. किमान आठव्या शतकापासून या सात हाका चालत आल्यात: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दावीदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येकीच्या शेवटी एकच विनवणी, 'ये'. लॅटिनमधली त्यांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली तर 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. २०ची हाक किल्लीची: तुरुंगात, मरणाच्या छायेत बसलेल्याला बाहेर काढ. ती म्हणताना मला योहान आठवतो. २१ची उगवत्या प्रकाशाची, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमारास. यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. स्वयंपाक करता करता म्हणा. मोठी प्रार्थना जमत नसेल तर नुसतं 'ये' म्हणा. शोकात असलेल्या माणसाला तेवढंच जमतं, आणि चर्चनेही त्या सात दिवसांत त्याहून जास्त मागितलेलं नाही.

मराठीतही या वाट बघण्याला जागा आहे, हे मुलीला कळलं तर बरं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र येतं, पण त्याआधीचं सबंध पहिलं पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून तारणाऱ्याची वाट बघण्याचं आहे. हजारो ओव्या झाल्यावर मग बेथलेहेम येतं. रोज पाच ओव्या मोठ्याने वाचा. शब्द जुने आहेत, सगळे कळणार नाहीत, पण चाल आपलीच आहे, दोन दिवसांत जिभेवर बसते.

दानधर्माचं थोडक्यात सांगते. लोकांनी योहानाला विचारलं, आम्ही काय करावं? तो म्हणाला, ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. आईचं कपाट अजून उघडलं नसेल, तर घाई करू नका. पण उघडाल तेव्हा तिची एक चांगली, वापरती साडी कुणाला तरी द्या. जुनी, विरलेली नको.

मुलीसाठी आणखी एक. रिकामी गव्हाण घरात ठेवा, पुठ्ठ्याची केली तरी चालेल. घरात कुणी कुणासाठी काही केलं, भांडण मिटवलं, राग गिळला, की त्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. कुणी टाकली, का टाकली, विचारायचं नाही. बाळाला झोपायला मऊ होईल की टोचेल, ते त्या काड्यांवर. मागे मुलांच्या गोठ्याच्या स्पर्धेत मी वीजपंपाचे धबधबे आणि फिरते तारे करवून घेतलेत. त्या गोठ्यांसमोर मुलांना प्रार्थना सुचली नाही, हे मी पाहिलं आणि थांबले.

२४ला मिस्सेहून घरी आल्यावर लगेच जेवायला बसू नका. दिवे मालवा, पणत्या लावा, चार जमल्या तर चार, नाहीतर एक. मुलीला लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली सात वचनं वाचायला सांगा. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, तिथवर. मग आईच्या नावाचा कागद गव्हाणीखाली सरकवा, बाळाची मूर्ती पेंढ्यात ठेवा, आणि मुलीला गॅलरीत पाठवा, चांदणीचं बटण दाबायला.